मुक्तद्वार, पण शिधा कोणाचा?

गेल्या वर्षी, पावसाळा तोंडावर आला असताना, आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन-षण्मासिकाच्या पत्त्यावर एक ई-पत्र आले. लिहिणारी मुलगी एका तालुक्याच्या गावी एम. ए. करीत होती. तिच्या आजोळच्या खोऱ्यातील जात्यावरच्या ओव्यांविषयी आमच्याच मराठी विभागातील एका प्राध्यापकांनी १९८४ साली लेख लिहिला होता व तो या षण्मासिकात छापून आला होता. कोणाच्या तरी प्रबंधाच्या संदर्भसूचीत तिला त्याचा उल्लेख आढळला. 'हा लेख कोठे वाचावयास मिळेल? माझ्या पणजीने तेव्हा एका सरांना ओव्या सांगितल्या होत्या, असे आजी म्हणते,' एवढेच तिने विचारले होते.

संपादक या नात्याने मी काय केले? गेली अकरा वर्षे जे करीत आले तेच केले. वर्गणीचा छापील अर्ज तिला पाठवून दिला. वार्षिक वर्गणी अमुक, आजीव वर्गणी तमुक, जुन्या अंकांची किंमत अधिक टपालखर्च, रक्कम प्राचार्यांच्या नावे धनाकर्षाने पाठवावी, वगैरे. १९८४ चा अंक विक्रीस शिल्लक तरी आहे का, हे पाहण्याचेही मला सुचले नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत कपाटे आवरताना पाहिले, तर त्या अंकाच्या दोनच प्रती उरल्या होत्या. एक ग्रंथालयाच्या संदर्भ-कपाटात आणि दुसरी विभागाच्या कपाटात. दोन्ही कपाटांना कुलूप. मला माझीच शरम वाटली. मोबाइलवर पानांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी तिला पाठवली. तिचे आभाराचे उत्तर आले. तिची प्रबंधिका मात्र तोपर्यंत सादर होऊन गेली होती. त्या उत्तरात आणखी एक वाक्य होते, त्याकडे मी शेवटी येईन.

आमचे हे षण्मासिक यापुढे आंतरजालावर सर्वांना विनामूल्य वाचता यावे की आहे तसेच वर्गणीदारांपुरते राहावे, हा प्रश्न सध्या महाविद्यालयाच्या समितीपुढे आहे. मतभेद आहेत आणि ते असणे चांगलेच. वार्षिकासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मनात आले की, समितीच्या बैठकांत चहाच्या घोटांबरोबर तुटक तुटक बोलले गेले ते एकदा सलग मांडावे. विद्यार्थ्यांनाही ते कळावे. कारण षण्मासिक चालते ते अखेर त्यांच्या नावाने.

इंग्रजीत या कल्पनेला 'ओपन ॲक्सेस' म्हणतात. मी तिला 'मुक्तद्वार' म्हणते. हा शब्द आपल्याकडे भोजनाच्या संदर्भात जुना आहे. मुक्तद्वार म्हणजे येईल त्याला पान. कोण, कोठला, किती शिकलेला, हे विचारावयाचे नाही. डिसेंबर २००१ मध्ये हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्ट येथे, काही अभ्यासक व ग्रंथपाल जमले आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की, विद्वान जे संशोधन मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहितात, ते कोणालाही वाचता, उतरवून घेता, छापता व वाटता यावे. लेखकाने स्वतःकडे एवढेच राखावे की, आपल्या लेखनाची मोडतोड होऊ नये आणि श्रेय आपल्याला मिळावे.

ऐकावयास हे गोड आहे. परंतु मुक्तद्वार म्हटले की शिध्याचा प्रश्न येतो. जेवणारा पैसे देत नाही, याचा अर्थ तांदूळ-डाळ आकाशातून पडते असा नव्हे. कोणीतरी शिधा देतो, कोणीतरी चुलीशी बसतो. मुक्तद्वाराची चर्चा करणारे पुष्कळदा येथे गडबड करतात. कोणी म्हणतो, सगळे फुकट होईल. कोणी म्हणतो, फुकट होणार म्हणजे बुडणार. माझ्या मते दोघेही एकच चूक करतात. 'वाचकाला विनामूल्य' आणि 'बिनखर्चाचे' या दोन गोष्टी ते एक समजतात.

म्हणून आज आपल्या पंक्तीची व्यवस्था कशी आहे ते आधी पाहू. एखादा लेख येतो. लेखकाला आपण मानधन देत नाही. तो लेख लेखकाचे नाव झाकून दोन तज्ज्ञ परीक्षकांकडे जातो. ते सुट्टीच्या दिवशी बसून वाचतात, चुका दाखवतात, टिपणे लिहितात. त्यांनाही काही मिळत नाही. कधी एक परीक्षक लेख उत्तम म्हणतो आणि दुसरा तो टाकाऊ ठरवतो. मग तिसरा शोधावा लागतो आणि त्याला चार वेळा स्मरण द्यावे लागते. लेखकाचा राग संपादकाने सोसावयाचा. संदर्भ तपासावयाचे, ऱ्हस्वदीर्घ पाहावयाचे, तीन-तीनदा मुद्रिते वाचावयाची. यातल्या कशालाही मोबदला नाही. वर्गणी खर्च होते ती मांडणी, कागद, छपाई, बांधणी आणि टपाल यांवर, आणि तीही पुरत नाही. उरलेली तूट महाविद्यालय भरते.

याचा अर्थ उघड आहे. वर्गणीदार आजवर ज्ञानाची किंमत देत नव्हता, तो कागदाची आणि टपालाची किंमत देत होता. यात गैर काही नव्हते. १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे शास्त्रीय नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून तीनशेहून अधिक वर्षे दुसरा मार्गच नव्हता. अंक म्हणजे कागद, आणि प्रत्येक जादा प्रतीला जादा कागद. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले, त्यांनाही हाच हिशेब करावा लागला असणार. परंतु आज एक प्रत असो की दहा हजार असोत, पडद्यावर वाचणाऱ्याच्या प्रतीला कागद लागत नाही. कुलूप घालण्याचे जे एकमेव प्रामाणिक कारण होते, तेच नाहीसे झाले आहे. आम्ही मात्र कारण गेल्यावरही कुलूप जपून ठेवले आहे.

मराठी माणसाला तरी ही गोष्ट परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडले ते कशासाठी? रुमालांत बांधलेली, माळ्यांवर पडलेली दप्तरे उजेडात यावीत म्हणून. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्यांनी एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच ओढीतून. राजवाड्यांचे खंड फुकट वाटले जात नव्हते, हे मला ठाऊक आहे. परंतु मूळ कागद छापून टाकला की माझा निष्कर्ष चुकीचा असल्यास दुसरा कोणीही तो दाखवू शकेल, ही त्यामागची भूमिका होती. आज आपण राजवाड्यांच्या नावाने व्याख्यानमाला भरवतो, आणि त्याच वेळी स्वतःच संशोधनाचे रुमाल पुन्हा बांधून माळ्यावर टाकतो. आमच्या १९८४ च्या अंकाचे दुसरे काय झाले?

आता कोणी म्हणेल की, आमच्यासारख्या लहान षण्मासिकाची गोष्ट वेगळी आणि जगातील नामांकित नियतकालिकांची वेगळी. वेगळी आहे खरी, परंतु तेथील अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भाषाभ्यासाच्या क्षेत्रातलेच उदाहरण घेते. 'लिंग्वा' हे भाषाविज्ञानाचे नियतकालिक १९४९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाले व पुढे 'एल्सव्हिअर' या बलाढ्य प्रकाशनसंस्थेच्या ताब्यात आले. लेखक विद्यापीठांचे, परीक्षक विद्यापीठांचे, आणि तयार झालेला अंक त्याच विद्यापीठांची ग्रंथालये भरमसाट वर्गणी देऊन विकत घेणार, असा हा व्यवहार. अशा प्रकाशकांच्या नफ्याचे प्रमाण शंभरास तीसच्या वर जाते, हे त्यांच्याच वार्षिक अहवालांतून दिसते. २०१५ साली 'लिंग्वा'चे कार्यकारी संपादक योहान रोरिक व त्यांचे सहकारी यांनी प्रकाशकांपुढे अटी ठेवल्या. सर्व लेख मुक्तद्वार करा, प्रकाशनाचा आकार माफक ठेवा, स्वामित्वहक्क लेखकांकडे राहू द्या आणि नियतकालिकाच्या नावाची मालकी संपादकांना द्या. प्रकाशकांनी त्या मानल्या नाहीत. तेव्हा सहाही संपादक आणि संपादक-मंडळाचे एकतीस सभासद यांनी एकत्र राजीनामे दिले आणि २०१६ च्या आरंभी 'ग्लोसा' या नावाने नवे मुक्तद्वार नियतकालिक सुरू केले.

या कथेतून मी दोन गोष्टी शिकले. पहिली अशी की, जुने नाव प्रकाशकाकडेच राहिले. 'लिंग्वा' नव्या संपादकांसह आजही निघते. म्हणजे नियतकालिक कोणाच्या मालकीचे, हे शांततेच्या काळातच कागदावर असले पाहिजे. भांडणाच्या दिवशी ते शोधून उपयोग नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'ग्लोसा'ला खर्च होताच. तो खर्च उचलण्यास नेदरलँड्समधील विद्यापीठांची संघटना व संशोधन-संस्था पुढे आल्या, आणि पुढची जबाबदारी 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' या संस्थेने घेतली. मार्टिन ईव्ह व कॅरोलाइन एडवर्ड्स या दोन ब्रिटिश अध्यापकांनी उभी केलेली ही संस्था अनेक ग्रंथालयांकडून दरवर्षी थोडी थोडी वर्गणी गोळा करते आणि त्यातून मानव्यविद्यांची नियतकालिके चालवते. वाचकाकडून काही घ्यावयाचे नाही, लेखकाकडूनही नाही. पुष्कळ घरांतून मूठमूठ शिधा जमवून मुक्तद्वार घालण्याची ही रीत आपल्या वारकऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु जगात मुक्तद्वाराचा दुसराही एक प्रकार बोकाळला आहे. त्यात वाचकाचे दार उघडतात आणि तेच पैसे लेखकाकडून मागतात. मोठमोठी नियतकालिके एका लेखामागे हजारो डॉलर घेतात. आपल्याकडे त्याचे जे विद्रूप झाले ते सर्व प्राध्यापकांना माहीत आहे, फक्त कोणी लिहीत नाही. पदोन्नतीसाठी छापील लेखांची संख्या मोजली जाऊ लागली आणि लेख छापून देणारी दुकाने निघाली. सकाळी पैसे भरा, संध्याकाळी स्वीकृतिपत्र घ्या, सोबत प्रमाणपत्र. परीक्षक नाही, संपादन नाही, कोणी वाचतही नाही. हे लेख आंतरजालावर 'मुक्त' असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' नावाने निवडक नियतकालिकांची यादी करण्याचे ठरवले ते या दुकानदारीला आळा घालण्यासाठीच. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि चांगले-वाईट पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे आता ती आपली, आपल्या महाविद्यालयाची आहे.

समितीतील माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा विरोध याच अनुभवातून आला आहे. 'बाई, मुक्तद्वार म्हटले की मला ती दुकाने आठवतात,' असे ते म्हणाले. त्यांची भीती मला समजते. परंतु त्या दुकानांत पाप आहे ते लेखकाकडून पैसे घेऊन परीक्षण न करण्याचे. दार उघडे ठेवण्याचे पाप त्यात नाही. उलट मला असे वाटते की, उघड्या पंक्तीत वाईट स्वयंपाक लपत नाही. आमच्या बंद षण्मासिकात एखादा सुमार लेख भिडेखातर छापला गेला तर तो कोणाला कळतो? वर्गणीदार बहुधा ग्रंथालयेच, आणि तेथे अंकाचे वेष्टनही पुष्कळदा फोडलेले नसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

केंद्र सरकारने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि जवळजवळ तेरा हजार नियतकालिके. शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांतील विद्यार्थी व अध्यापक यांना ती वाचता यावीत, हा हेतू. ज्यांना लाभ होईल त्यांचा मला आनंदच आहे. तरी हे मुक्तद्वार नव्हे. पंगतीचे आमंत्रण ठरावीक घरांना आहे आणि पैसे दिल्यावरच ते चालू राहणार आहे. ज्याचे शिक्षण संपले आहे, जो गावातल्या शाळेत शिकवतो, जो शेती सांभाळून स्थानिक इतिहास लिहितो, तो दाराबाहेरच राहतो. शिवाय बाहेरचे ज्ञान आत आणण्यासाठी एवढी रक्कम उभी राहू शकते, तर आपले मराठीतले संशोधन बाहेर मांडण्यासाठी तिचा शतांश, सहस्रांश उभा राहणे अशक्य आहे का?

समितीत आणखी तीन आक्षेप आले. तिन्ही हलके नाहीत.

पहिला ग्रंथपालांचा. आमचे षण्मासिक आम्ही वीसेक संस्थांना विनिमयाने पाठवतो आणि त्यांची नियतकालिके आम्हांला त्या बदल्यात मिळतात. आमचे सर्वांना मोफत मिळू लागले तर त्यांनी आपले का पाठवावे? हा आक्षेप खरा आहे, आणि काही नियतकालिके बंद होतीलही. माझे उत्तर एवढेच की, छापील अंक आपण पूर्ण बंद करू नये. विनिमयासाठी, जुन्या आजीव वर्गणीदारांसाठी आणि जपणुकीसाठी मोजक्या प्रती काढाव्यात. कागद पन्नास वर्षे टिकल्याचे आपण पाहिले आहे. संकेतस्थळ पन्नास वर्षे टिकल्याचे अजून कोणी पाहिलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही. मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. त्यामुळे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या कामाची किंमत कमी झाली, असे कोणी म्हणेल का? उलट जो विद्यार्थी वीस खंडांच्या कपाटाजवळ कधी गेला नसता, तो आज एखाद्या नोंदीपर्यंत पोहोचतो.

तिसरा आक्षेप चोरीचा. लेख उघडे ठेवले तर लोक उतारेच्या उतारे उचलतील. उचलतीलच. परंतु चोरी उघड्या लेखातून केली तर ती पकडणे सोपे असते, कारण मूळ लेख कोणालाही ताडून पाहता येतो. दुर्मीळ अंकातून केलेली चोरी मात्र पिढ्यान्पिढ्या पचते. बंद कपाटाने लेखकाचे रक्षण होत नाही, पुष्कळदा चोराचेच होते.

या आक्षेपांहून मला खरी अडचण वाटते ती कामाची. ती सांगितल्याशिवाय मुक्तद्वाराचा पुरस्कार करणे अप्रामाणिक ठरेल. आमच्या षण्मासिकाचे सुरुवातीचे अंक खिळे जुळवून छापलेले. त्यांचे एकेक पान यंत्राखाली धरून प्रतिमा घ्यावी लागेल. नुसत्या प्रतिमेत शब्द शोधता येत नाहीत आणि यंत्राकडून अक्षरे ओळखवून घ्यावीत तर जोडाक्षरे, अनुस्वार यांत चुका होतात, त्या माणसालाच दुरुस्त कराव्या लागतात. नंतरचे अंक संगणकावर जुळवलेले आहेत, तेव्हा ते सोपे असतील असे मला वाटले होते. पण तेही नाही. ते ज्या टंकांत जुळवले त्यांची आतली सांकेतिक मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. ते मजकूर आजच्या यंत्रावर उघडले की 'क'च्या जागी काहीतरी भलतेच चिन्ह येते. ते सर्व युनिकोडमध्ये आणून पुन्हा वाचावे लागतील.

दुसरी अडचण हक्कांची. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि तो दुसऱ्याकडे द्यावयाचा तर लेखी, सहीचा कागद लागतो. आमच्या आधीच्या संपादकांनी असा कागद कोणाकडूनच घेतला नव्हता. मीही पहिली काही वर्षे घेतला नाही. लेख आला, छापला, लेखकाला दोन प्रती पाठवल्या, एवढाच व्यवहार. तेव्हा जुने लेख उघडावयाचे तर लेखकांना, ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांना, एकेकाला पत्र लिहून परवानगी मागितली पाहिजे. मी आतापर्यंत काही पत्रे पाठवली आहेत. नकार एकही आला नाही, परंतु पत्ता न सापडल्याने परत आलेली पाकिटे बरीच आहेत.

यंत्रसामग्रीचा खर्च त्या मानाने कमी आहे. नियतकालिक चालवण्यासाठी 'ओपन जर्नल सिस्टिम्स' नावाची संगणक-प्रणाली जॉन विलिन्स्की यांच्या 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट'ने कॅनडात तयार केली. २००१ पासून ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि जगभर हजारो नियतकालिके तीवर चालतात. लेख येणे, परीक्षकांकडे जाणे, दुरुस्त होणे, प्रसिद्ध होणे, सर्व टप्प्यांची नोंद तीत राहते. संकेतस्थळाचे भाडे, लेखांच्या कायम ओळखक्रमांकांचे शुल्क आणि मांडणी हा खर्च आजच्या छपाई व टपालाच्या खर्चाहून जास्त होणार नाही, असा आमच्या कार्यालयाचा अंदाज आहे.

म्हणून समितीपुढे मी चार गोष्टी मागितल्या आहेत. एक, षण्मासिकाचे सर्व नवे लेख प्रसिद्ध होतील त्याच दिवशी सर्वांना खुले असावेत आणि वाचकाकडून किंवा लेखकाकडून एक पैसाही घेऊ नये. दोन, आज छपाईची जी तूट महाविद्यालय भरते, तेवढी रक्कम दरवर्षी अंदाजपत्रकात षण्मासिकाच्या नावे धरावी, जेणेकरून पुढच्या संपादकाला देणगीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. तीन, संपादन हे काम मानावे. आठवड्यातील दोन तासिका कमी कराव्यात आणि मुद्रितशोधनासाठी अर्धवेळ मदतनीस द्यावा. फुकटच्या श्रमावर चाललेले नियतकालिक संपादक दमला की बंद पडते. मराठीत अशा बंद पडलेल्या नियतकालिकांची स्मशानभूमी मोठी आहे. चार, नियतकालिकाचे नाव आणि मालकी महाविद्यालयाचीच आहे, हे आताच लेखी नोंदवावे.

तिसऱ्या मागणीवर समितीत थोडे हसू झाले. 'म्हणजे मुक्तद्वार जगासाठी आणि सवलत तुमच्यासाठी!' असे कोणीतरी म्हणाले. मी हसण्यावारी नेले, परंतु मुद्दा सोडला नाही. येत्या दोन वर्षांत मी निवृत्त होईन, ती सवलत माझ्या वाट्याला येण्याची शक्यता कमीच. आचाऱ्याला उपाशी ठेवून घातलेली पंगत फार दिवस चालत नाही, एवढे मात्र मी अकरा वर्षांत शिकले आहे.

आता त्या मुलीच्या उत्तरातील राहिलेले वाक्य. तिने लिहिले होते, 'माझ्या पणजीचे नाव लेखात कोठेच नाही, पण तिसऱ्या पानावरच्या दोन ओव्या तिच्याच आहेत. आजीला त्या अजून पाठ आहेत आणि त्यातला एक शब्द लेखात चुकला आहे.'

मी लेख पुन्हा काढून पाहिला. आमच्या सरांनी मेहनत घेतली होती यात शंका नाही. छंदाची चर्चा उत्तम आहे. परंतु ओव्या कोणाच्या, तर 'एका वृद्ध स्त्रीकडून', 'एका शेतकरी कुटुंबातील बाईकडून'. गावांची नावे आहेत, बायकांची नाहीत. त्या काळी पुष्कळांची रीतच तशी होती. त्याच सुमारास सुरू झालेले हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांचे काम मात्र वेगळ्या वाटेने गेले. हजाराहून अधिक गावांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या दालनावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, कित्येक तर तिच्याच आवाजात, कोणालाही ऐकता येतात. आमच्या लेखातली चूक मात्र चाळीस वर्षे तशीच राहिली. ती दाखवू शकणारी माणसे जिवंत होती, चार तासांच्या अंतरावर राहत होती. त्यांनी तो लेख वाचावा अशी सोयच आम्ही ठेवली नव्हती. ज्यांच्या तोंडून घेतले त्यांनाच आम्ही वर्गणीचा अर्ज पाठवला.

मुक्तद्वाराच्या बाजूने आकड्यांचे पुष्कळ युक्तिवाद करता येतील. उघडे लेख जास्त वाचले जातात, संदर्भ वाढतात, महाविद्यालयाचे नाव होते, वगैरे. मूल्यांकन समितीपुढे ते मांडू. माझ्यापुरता हा एकच युक्तिवाद पुरेसा आहे. संशोधन चुकू शकते आणि ते चुकले हे सांगण्याचा अधिकार ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांना असला पाहिजे. दार बंद असेल तर तो अधिकार केवळ नावापुरता राहतो.

आमच्या सरांच्या मुलाला मी पत्र लिहिले होते. त्यांची लेखी परवानगी गेल्या महिन्यात आली. समितीचा निर्णय अनुकूल झाला तर जुन्या अंकांतील पहिला उघडा होणारा लेख १९८४ चा तोच असेल. त्याच्या खाली एक टीप राहील. चुकलेला शब्द दुरुस्त केलेला असेल आणि ओव्या सांगणाऱ्या बाईंचे नाव असेल. ते नाव त्या मुलीने मला कळवले आहे. तिच्या आजीची संमती घेऊनच मी ते छापणार आहे, म्हणून येथे लिहीत नाही.

समितीची बैठक पुढील सत्राच्या आरंभी आहे. त्या दिवशी विरोधी मत देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती राहील की, त्यांनी येण्यापूर्वी ग्रंथालयातील संदर्भ-कपाटाची किल्ली मागून पाहावी. ती मिळण्यास किती वेळ लागतो, ते मोजावे आणि मग मत द्यावे.